पैनगंगेपलीकडच्या दोन शेळ्या

बाबांच्या वर्षश्राद्धाला गोदान करायचं हे आईनं आधीच ठरवून टाकलं होतं. ताम्हनात रुपया ठेवून होतं तसलं नाही, खरी गाय. तीही एखाद्या गरजू बाईच्या दारात. माझी आतेबहीण पांढरकवड्याला शिक्षिका आहे. ती तिथल्या एका बचत गटाला मदत करते. गटात नवरा गेलेल्या बऱ्याच बायका आहेत. तिला फोन केला तर म्हणाली, "आधी या, मग गाय घ्या."

नोव्हेंबरात पहाटे सिकंदराबाद सोडलं. कामारेड्डी, निर्मल, आदिलाबाद. तिथवरच तीनशे किलोमीटर होतात. पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या तेलुगूतून मराठीत येतात. आपल्यातले बरेच जण दिवाळीत नागपूरला जाताना हा पूल झोपेत ओलांडतात. एकदा जागे राहून बघा. पाटणबोरीनंतर दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर फुटलेला पांढरा कापूस आणि वेचणीला वाकलेल्या बायका.

ज्या घरी गेलो तिथल्या बाईचं वय पस्तिशीचं असेल. नवऱ्यानं तीन वर्षांपूर्वी जीव दिला. दोन मुलं, सासू, सासरे. चहा झाल्यावर आईनं गाईचा विषय काढला. ती बाई एकदम म्हणाली, "गाय नोको वं माय. तिले काय चारू मी?"

आई दुखावली. दान नाकारलं जाईल, हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

बहिणीनं हिशेब सांगितला. संकरित दुभत्या गाईला रोज पंधरा-वीस किलो हिरवा चारा लागतो, शिवाय ढेप आणि भरपूर पाणी. कोरडवाहू गावात एप्रिलमध्ये हे आणायचं कुठून? २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी आलं, तेव्हा अशाच महागड्या गाई वाटल्या होत्या. माणसांच्या तोंडचं काढून जनावराला घालायची वेळ आलेल्या घरांबद्दल पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं होतं. शेळीचं तसं नाही. ती बांधावरचा पाला, बोरी-बाभळी, तुरीचा भुसा खाऊन राहते. पाच महिन्यांत विते, नीट निगा राखली तर दोन वर्षांत तीनदा, आणि पुष्कळदा जुळी देते.

पण मला पटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. शेताचा सातबारा सासऱ्यांच्या नावावर. घरही त्यांचंच. कापसाचे पैसे त्यांच्याच खात्यात येतात. सासरे वाईट नाहीत, पण मुलाला ताप आला तरी हिला आधी विचारावं लागतं. गटाकडून मिळालेली शेळी मात्र हिची. अडलं तर बाजाराच्या दिवशी बोकड घेऊन जायचा आणि पैसे कनवटीला लावून यायचं. कुणाची सही लागत नाही.

"म्हणजे ती कापायलाच जाणार," आई हळूच म्हणाली. बाबांच्या नावानं दिलेलं जनावर! हा काटा खरा होता, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

उत्तर त्या बाईनंच दिलं. "बोकड जाते, माय. पाट राह्यते."

गटाचा नियम असा: दोन गाभण शेळ्या मिळतात. पहिली पाट, म्हणजे मादी करडू, यादीतल्या पुढच्या बाईला द्यायची. विमा उतरवून कानात बिल्ला मारायचा, पीपीआरची लस चुकवायची नाही. लस चुकली की एका साथीत अख्खा गोठा रिकामा होतो, हे या गावानं पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन काळ्या शेळ्या आणल्या. मी बिल्ल्यांचे फोटो काढले, बाईंचा नाही. बहिणीची तशी सक्त ताकीद होती. दारात शेळ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं. आई ताट घेऊन उभी राहिली आणि अचानक मागे सरकली. वर्षभर ती असंच करते आहे, हळदीकुंकवात, बारशात, सगळीकडे. "कुणा सवाष्णीला बोलवा," म्हणाली.

ती बाई हसली. "इथं कोण सवाशीण हाय, माय? सासू शेतात गेली. लाव तूच."

आईनं वाकून कुंकू लावलं. एका शेळीनं तेवढ्यात ताटातल्या अक्षता खाऊन टाकल्या.

परतीच्या वाटेवर पूल येईपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "यादीत पुढची कोण आहे, विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत बहिणीचा फोन आला. एक शेळी व्याली, एक पाट आणि एक बोकड. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "हे बघ, पाट लगेच उचलून देऊ नका म्हणावं. आधी आईचं दूध सुटू दे तिचं."