शिशाच्या रेघा

रंगीत काचेची खिडकी म्हणजे रंग फासलेले तावदान नव्हे. काच वितळत असतानाच धातूंच्या योगाने रंग तिच्या अंगात उतरतो. कोबाल्टने निळा, तांब्याने तांबडा. संतांचे चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या मात्र धातूची भुकटी व काचेची पूड कालवून कुंचल्याने रेखाटतात आणि भट्टीत भाजून पक्क्या करतात. मग हे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत गुंफले जातात. शिसे हा खिडकीचा कणा, आणि आधी थकते तेही शिसेच. उन्हाने व स्वतःच्या भाराने ते वाकते, सांध्यांतील लुकण सुकून गळते, चौकटीला पोक येते. समुद्राकाठी आधाराचे लोखंडी गज गंजून फुगतात आणि दगडालाही चीर पाडतात. (जुनी काच शतकानुशतके खाली ओघळत राहते, हा समज मात्र खोटा. हाताने घडविलेली काच मुळातच कमीजास्त जाडीची असते.)

फ्रान्समधील शार्त्रच्या महामंदिराला ११९४ साली आग लागली. तिच्यातून पवित्र मरियेची एक निळी काचप्रतिमा वाचली. पुढच्या पिढीने तिच्याभोवती नव्या काचा जोडून तिला पुन्हा खिडकीत बसविले. १९३९ साली, युद्ध दाराशी येताच, तेथील काचा उतरवून पेट्यांत भरून दूर नेण्यात आल्या. युद्ध संपल्यावर त्या परतल्या.

आमच्या प्रार्थनामंदिराच्या खिडकीला असे भाग्य नाही. वेदीमागील एक काच तडकली, तेव्हा सबंध खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती तावदाने बसवावीत, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांना वारा हवा होता आणि खर्च बेताचा हवा होता. दुसऱ्या एका सद्भक्ताने साबण व तारेचा ब्रश घेऊन खिडकी स्वतः घासून देण्याची तयारी दाखविली. मला अधिक भीती वाटली ती ह्या सेवाभावाची! भाजणी कच्ची राहिली असेल, तर अशा घासण्याने काच लखलखीत होते आणि संताचे डोळे पुसले जातात.

जाणकार कारागीर आधी छायाचित्रे घेतो, शिशाच्या रेघांवर कागद ठेवून त्यांचा ठसा उतरवितो. मळ ओल्या कापसाच्या बोळ्याने, बोटभर जागा करीत काढतो. तडा पारदर्शक डिंकाने सांधतो. नवा तुकडा बसवावाच लागला, तर त्याच्या कडेवर साल कोरतो. बाहेरून साधी काच लावून मध्ये वारा खेळेल एवढी फट ठेवतो. हे काम आपल्याकडे होऊ शकते. २०१५ साली पुऱ्या झालेल्या राजाबाई मनोऱ्याच्या जीर्णोद्धारात तेथील काचाही सावरल्या गेल्या.

तूर्त तडकलेले तुकडे क्रमांक घालून, कापसात गुंडाळून पवित्रवस्त्रांच्या कपाटात ठेविले आहेत. रिकाम्या जागी पुठ्ठा आहे.