बाबांची कीर्द आणि पेपर पहिला

२२ फेब्रुवारी २०२१ ला संध्याकाळी अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. बाकी बराचसा महाराष्ट्र अजून सुरू होता. अमरावती आणि अचलपूर आधी बंद झाले. गाडगेनगरात आम्ही तिघी मुली एका रूमवर राहायचो. एक दुपारीच वरूडला गेली, दुसरीला दर्यापूरहून तिचे काका घ्यायला आले. माझं घर अकोल्यात, आणि तिथलीही परिस्थिती तीच. मी थांबले. मेस बंद झाली, अभ्यासिका बंद झाली आणि अभ्यासिकेचं वायफायही गेलं. सीए इंटरमिजिएटची परीक्षा मे महिन्यात होती आणि माझा सगळा अभ्यास ऑनलाइन होता. त्या रात्री मोबाइलच्या डेटावर मी ‘अकाउंटिंग’चं चौदावं लेक्चर पाहिलं. दीड जीबीत एक लेक्चर जेमतेम बसायचं.

मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हा माझा सर्वांत आवडता विषय. ऋणको, धनको, घसारा, तेरीज, ताळेबंद हे शब्द मला घरच्यासारखे वाटायचे, कारण ते खरोखरच घरचे होते. बाबा अकोल्याच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. शिक्षण दहावी. पण तेरीज जुळली नाही तर रात्री जेवायला बसायचे नाहीत. फाउंडेशनची २०१९ च्या नोव्हेंबरातली परीक्षा मी पास झाले तेव्हा त्यांनी दुकानातल्या हमालांनासुद्धा पेढे दिले.

इंटरचा पहिला गट तेव्हा चार पेपरांचा होता: अकाउंटिंग, कायदा, कॉस्टिंग आणि कर. प्रत्येकात किमान ४० गुण, आणि चारही मिळून ५० टक्के. उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायची, मराठी नाही. ज्या क्लासचं रेकॉर्डिंग मी विकत घेतलं होतं, त्यात प्रत्येक लेक्चर दीड वेळाच पाहता यायचं. शिकवणारे सर हुशार होते, पण फार वेगानं बोलायचे. एक वाक्य समजलं नाही म्हणून मागे घेतलं की तेवढी मिनिटं माझ्या वाट्यातून कमी व्हायची. म्हणून मी मागे घेणं बंद केलं. न समजलेलं तसंच पुढे सरकत गेलं. जिच्याकडे मोठं घर नाही, वेगळी खोली नाही, घरात इंग्रजी नाही, अशा मुलीला एखादी गोष्ट दोनदा ऐकण्याची मुभा नसणं ही साधी अडचण नाही, हे मला तेव्हा कळलं.

मार्चअखेर मी अकोल्याला घरी आले. उन्हाळा सुरू झाला. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको: पारा ४५ च्या वर, कूलरचा आवाज सगळ्या घरात, आणि मोबाइल अर्ध्या तासात इतका तापायचा की आपोआप बंद पडायचा. मग मी पहाटे चारला उठू लागले. आईचं सडासारवण व्हायच्या आत दोन लेक्चर संपवायचे. हायर पर्चेस, ब्रँच अकाउंट्स, इन्व्हेस्टमेंट अकाउंट्स, एकेक प्रकरण संपत गेलं आणि वहीच्या पहिल्या पानावर मी बरोबरच्या खुणा करत गेले. करोनामुळे परीक्षा मेऐवजी जुलैत झाली. सप्टेंबरात निकाल लागला. कॉस्टिंग ६१, कायदा ५२, कर ४४. अकाउंटिंग ३४.

माझ्या सर्वांत आवडत्या विषयात मी नापास झाले होते.

त्या रात्री मी वही काढून मोजलं. सगळी लेक्चरं पाहून झाली होती, पण कोणाचं न बघता, पेन हातात घेऊन शेवटपर्यंत सोडवलेली गणितं फक्त सव्वीस होती. सर फळ्यावर सोडवायचे, मी मान हलवायचे, उतरवून घ्यायचे आणि पुढे जायचे. पेपरमध्ये ‘इन्कम्प्लीट रेकॉर्ड्स’चं एक मोठं गणित होतं. मी त्यात पाऊण तास घालवला होता आणि उत्तर आलं नव्हतं. तेच गणित मी जेवणाच्या ताटाशेजारी पुन्हा मांडून बसले. बाबा हात धुवून आले आणि मागे उभे राहिले.

“हे कायचं गणित हाये?”

“अपूर्ण नोंदी, बाबा. दुकानदारानं उधारीची विक्री लिहूनच ठेवली नाही. ती शोधायची.”

“मंग त्यात शोधाचं काय? मांगची उधारी किती होती, वसूल किती झाली, बुडाली किती अन् आज बाकी किती, हे त्यानं सांगतलं हाये ना?”

सांगितलं होतं. सोपे आकडे घेऊन सांगते. वर्षाच्या सुरुवातीला उधारी ४०,००० होती. वर्षभरात २,१०,००० वसूल झाले. ५,००० बुडाले. शेवटी ६५,००० येणे राहिले. बाबा बोटांवर म्हणाले: जे आलं, जे बुडालं आणि जे अजून यायचं आहे ते सगळं कधी ना कधी उधार गेलेलं होतं. ते झाले २,८०,०००. त्यातले ४०,००० मागच्या वर्षीचे. उरले २,४०,०००. हीच यंदाची उधार विक्री. याला पुस्तकात ‘टोटल डेटर्स अकाउंट’ म्हणतात आणि त्यावर सव्वा तासाचं लेक्चर होतं. बाबांनी नाव न घेता दोन मिनिटांत सांगितलं, कारण दर दिवाळीला दुकानात ते हेच करतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची घरची कीर्द मागून घेतली. लग्न झाल्यापासून बाबा रोज संध्याकाळी घरचा जमाखर्च लिहितात. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, पानाच्या डोक्यावर ‘श्री’, मिती आणि तारीख दोन्ही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. हे वाचताना माझा एक जुना गोंधळ पहिल्यांदा नीट समोर आला. शाळेत शिकलेल्या खात्यात नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. बाबांच्या खतावणीत बरोबर उलट. लहानपणापासून मी दोन्ही पाहत आले होते, आणि परीक्षेत घाई झाली की हात कोणत्या बाजूला जाईल याचा भरवसा नव्हता.

बाबांना विचारलं तर म्हणाले, “आमी रोकडीचं नाव लिहित नाही वं. ज्यानं पैसे देल्ले त्याचं नाव लिहितो.” हे वाक्य मी तीन दिवस डोक्यात घोळवलं. एखाद्या गावच्या गिऱ्हाइकानं ५,००० दिले तर बाबा कीर्दीत डावीकडे लिहितात: अमक्याचे खाते जमा, ५,०००. त्या माणसाच्या बाजूनं पाहिलेली नोंद आहे ही. खतावणीत ती जशीच्या तशी डावीकडेच उतरते. इंग्रजी पद्धतीत कॅश बुक हे स्वतःच रोकडीचं खातं असतं. पैसा आला म्हणून रोकड खातं डावीकडे नावे, आणि म्हणून माणसाचं खातं उजवीकडे जमा. व्यवहार एकच. एका वहीत माणसाकडून लिहिलेला, दुसऱ्यात रोकडीकडून. हे कळलं त्या दिवशी डेबिट-क्रेडिटचे पाठ केलेले नियम मी वहीतून खोडून टाकले. त्यानंतर बाजू चुकली नाही.

मला वाटतं, हिशेब लिहिणं आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही, हे शिकवणाऱ्यांनी एकदा तरी सांगायला हवं. कारंजाचा नियंत्रित कापूस बाजार १८८६ चा. देशातला तो पहिला मानला जातो. वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला. तेव्हापासून आजतागायत काटापट्टी, हमाली, तोलाई, अडत, उचल यांचे हिशेब इथले दिवाणजी लिहीत आले आहेत. त्यांच्या मुलांना ‘इन्व्हेंटरी’ हा शब्द परका वाटतो, ‘शिल्लक माल’ हा नाही.

त्यानंतरचा अभ्यास मी उलट्या क्रमानं केला. आधी आमच्या बाजारातलं उदाहरण, मग पुस्तकातलं गणित, आणि अडलं तरच लेक्चर. सीए परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अभ्यास मंडळाचे मोफत वर्ग इंटरनेटवर होते. त्यांना पाहण्याची मर्यादा नव्हती, म्हणून मी तेच वापरले. हा मार्ग आधी धरला असता तर पैसेही वाचले असते.

मालाच्या मूल्यांकनाचं क्रमांक दोनचं लेखामानक मला त्या वर्षीच्या सोयाबीननं शिकवलं. नियम एका ओळीचा आहे: शिल्लक माल खरेदीची किंमत आणि विकल्यास हाती येणारी निव्वळ किंमत यांपैकी जी कमी तिनं दाखवायचा. पहिल्या वेळी मी तो पाठ केला होता. २०२१ च्या पावसाळ्यात हमीभाव क्विंटलला ३,९५० असताना बाजारात सोयाबीन त्याच्या दुपटीच्या वर गेलं आणि नवा माल येऊ लागताच खाली आलं. समजा कोणी ८,५०० नं घेऊन ठेवलं आणि आता ५,५०० लाच जातंय. त्याच्या गोदामात पोती तितकीच आहेत, पण वहीत ८,५०० लिहिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. ५,५०० लिहायचं आणि तोटा आजच मान्य करायचा. बाजारात ज्यांनी भाव परत चढेल म्हणून जुन्याच आकड्यावर हिशेब धरला, त्यांची घरी होणारी घालमेल मी बाबांच्या तोंडून ऐकत होते. तो नियम मग वेगळा लक्षात ठेवावा लागला नाही.

आगीच्या विमा दाव्याचं प्रकरण तर जिनिंगच्या गावातल्या मुलांना कधी अवघड जाऊच नये. गंजीला आग लागली, वह्या वाचल्या, माल किती जळाला ते शोधायचं. सुरुवातीचा माल अधिक खरेदी, त्यातून विक्रीची मूळ किंमत वजा, म्हणजे आगीच्या दिवशी किती माल असायला हवा होता ते येतं. मग सरासरीचं कलम: माल १० लाखांचा, विमा ६ लाखांचाच, नुकसान ८ लाखांचं, तर मिळणार ४ लाख ८० हजार. विमा ६ लाखांचा आहे म्हणून ६ लाख मिळतील असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. बाबांनाही वाटत होतं. मी त्यांना हे कलम समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दुकानमालकांना सांगितलं. माझ्या अभ्यासाचा बाजारात झालेला हा पहिला उपयोग, आणि त्याचा मला निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

कॉस्टिंगमध्ये ६० च्या वर गुण असल्यानं तो पेपर पुन्हा द्यायचा नव्हता. डिसेंबरात उरलेले तीन दिले. अकाउंटिंगचा पेपर तेव्हा शंभर गुणांचा, तीन तासांचा होता. पहिला प्रश्न सक्तीचा, बाकी पाचांतले चार. या वेळी मी आधी वाचायला मिळणाऱ्या पंधरा मिनिटांत एकही आकडा मांडला नाही. प्रत्येक गणितात पैसा कोणाकडून कोणाकडे गेला एवढंच पाहिलं. घरी सोडवलेल्या गणितांची संख्या तोवर तीनशेच्या पुढे गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल लागला. अकाउंटिंग ५८, आणि गट सुटला. बाबांनी त्या दिवशीच्या कीर्दीत उजवीकडे पेढ्यांचे ४२० रुपये लिहिले. कशाबद्दल तेही लिहिलं.

त्यानंतर मी अमरावतीत सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप धरली. ऑफिसात दर वर्षी बडनेरा, मूर्तिजापूर, अंजनगाव, बाळापूरकडची मुलं येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, “ताई, मराठी मीडियमवाल्याले जमते का?” त्यांना माझे ३४ गुण दाखवते आणि मगच ५८ सांगते. जमतं. पण त्यांच्या वाटेत जे नाही ते आपण ठेवू शकतो. अकोला आणि अमरावती दोन्ही ठिकाणी सीए मंडळींची शाखा आहे, अनुभवी लोक आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. परीक्षा इंग्रजीत असू द्या. समजून घेणं मराठीत, वऱ्हाडीत होऊ द्या. आपल्यापैकी प्रत्येकानं एकच प्रकरण घ्यावं, बाजारातलं खरं उदाहरण घ्यावं, तासभर सावकाश बोलून ते रेकॉर्ड करावं आणि मुलांना हवं तितक्या वेळा पाहू द्यावं. अपूर्ण नोंदींचं प्रकरण बाबांना शेजारी बसवून मी केलं आहे. बाकीची प्रकरणं मोकळी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी एकेक उचलावं.