झाड आपलं, पण...

फ्लॅट आपला, ईएमआय आपला, मग कंपाउंडमधलं झाड आपलं नाही का? आहे ना! फक्त ते तोडायचं की नाही, हे एकट्या आपल्याला ठरवता येत नाही.

आमच्या सोसायटीत जुन्या आंब्याचा विषय निघाला. दोन गाड्यांचं पार्किंग सुटेल, एवढाच मुद्दा. ‘खासगी जागा आहे, कोण विचारतंय?’ एक काका म्हणाले. विचारतो ना, १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा! महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायचं तर आधी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मग पाहणी, झाडावर नोटीस, लोकांच्या हरकती. गुपचूप बुंधा जाळला, तर कायद्याच्या लेखी तेही ‘तोडणं’च. शिवाय २०२१च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’. ते तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची. साठीतल्या आंब्यामागे साठ रोपं. ती कुठे, पार्किंगमध्ये?

तरी अर्ज गेलाच. आता बुंध्यावर नोटीस आहे आणि तिच्यासमोर बाईक लावून सगळे मोबाइल बघत लिफ्टकडे निघून जातात. खरा धोका हाच. हरकतच आली नाही, तर झाडाची बाजू मांडणार कोण? तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि मी, आम्ही दोघांनी लेखी हरकत दिली आहे. निर्णय अजून यायचाय.

तुमच्या गल्लीत अशी नोटीस दिसली, तर मुदत तेवढी बघा. दोन ओळी लिहायला लंच ब्रेकसुद्धा पुरतो.