तांतीनचे देणे

माझ्यावर एका बाईचे देणे आहे. ती मॉरिशसची, क्रिओल समाजातली, धर्माने कॅथलिक. आमची भाषा, देव, जेवण, यांतले काहीच जुळणारे नव्हते. वडीलधाऱ्या बाईला तिकडे 'तांतीन' म्हणतात. गल्लीतले सगळे तिला तसेच हाक मारत, म्हणून मीही मारू लागले. तांतीन आता या जगात नाही. तिने माझ्या संसारासाठी जे केले ते लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजते.

माझे यजमान इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये डाइंग मास्टर होते. गेल्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसच्या एका कापड गिरणीत त्यांना करारावर नोकरी मिळाली आणि लहानग्या लेकीला घेऊन आम्ही कात्र बोर्नला बिऱ्हाड केले. केवळ उसावर जगणाऱ्या त्या बेटाने १९७० साली निर्यात क्षेत्राचा कायदा केला आणि पुढच्या वीस वर्षांत तिथे स्वेटर आणि टी-शर्ट शिवणाऱ्या गिरण्यांची रांग लागली. युरोपातल्या दुकानांत तो माल जाई. या गिरण्यांत शिलाई मशीनवर बसल्या त्या मुख्यतः बेटावरच्या बायका. पुढे माणसे कमी पडू लागली तेव्हा रंगाई-सूतकताईचे जाणकार भारतातून आले आणि मशीनवरचे कामगार चीन, बांगलादेशातून आणून वसतिगृहांत ठेवले गेले.

बेटावर राहायला गेलो म्हणजे रोज समुद्र, असे इकडच्या मंडळींना वाटे. कात्र बोर्न पठारावर आहे. आमच्या खिडकीतून दिसे तो कोर द गार्द डोंगर. पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही, दोरीवरचे कपडे दिवसातून दोनदा आत-बाहेर करायचे, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर आठवड्यात बुरशी धरायची. शाळेची पुस्तके इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच आणि रस्त्यावरचे बोलणे क्रिओल. यजमान पहाटे गिरणीच्या गाडीने जात ते अंधार पडल्यावर परतत. दिवसभर घरात मी आणि लेक. घड्याळ भारताच्या दीड तास मागे, तेव्हा इचलकरंजीत सासूबाई दुपारचे जेवून आडव्या झाल्या असतील, असे हिशेब मनात चालत. फोन महाग होता.

तांतीन कुंपणापलीकडे राहायची. साठीला टेकलेली, अंगाने सडपातळ, विधवा. गिरणीत तिने वीसेक वर्षे स्वेटरच्या बाह्या जोडल्या होत्या. आठवड्यातून दोन दिवस भरणाऱ्या भाजी बाजाराला ती मला पहिल्यांदा घेऊन गेली. भाव 'लिव'वर सांगतात आणि लिव म्हणजे अर्धा किलो, हे तिने बोटे दाखवून समजावले. दोडका, कारले, भेंडी, दुधी, शेवग्याचा पाला, सगळे आपलेच तिथे ढिगाने पाहून मला भरून आले. ते तिच्या लक्षात आले असावे, कारण त्या संध्याकाळी तिने शेवग्याचा पाला देठापासून ओरपून, लसूण-आल्यावर परतून, पातळ रस्सा करून पाठवला. सोबत साधा भात. लेकीने त्या दिवशी न कुरकुरता जेवण केले. दुसऱ्या दिवशी मी भांडे थालीपीठ घालून परत दिले. मग रिकामे भांडे कुंपणावरून कधी गेले नाही आणि आलेही नाही.

कोपऱ्यावर एका चिनी गृहस्थांचे 'लाबुटिक' होते, म्हणजे वाण्याचे दुकान. त्यांचे पूर्वज दक्षिण चीनमधून आलेले हाक्का. मॉरिशसच्या गावागावांत अशा दुकानांनी ऊसमजुरांना पिढ्यान्‌पिढ्या जगवले आहे. साधारण जूनपासून वर्षअखेरीपर्यंत ऊस तुटतो. एरवीच्या महिन्यांत मजुराच्या हातात पैसा कमी, तेव्हा दुकानदार लहानशा वहीत उधारी मांडून तांदूळ, तेल, खारवलेला मासा देत. नवा हंगाम सुरू झाला की वही फिटे. आमचा पहिला पगार हाती यायचा होता आणि भारतातून आणलेले पैसे घरभाड्याच्या अनामत रकमेत गेले होते. तांतीन मला हाताला धरून दुकानात घेऊन गेली आणि गल्ल्यावरच्या गृहस्थांशी क्रिओलमध्ये चार वाक्ये बोलली. त्यांनी ड्रॉवरमधून नवी वही काढली, पहिल्या पानावर आमच्या घराचा क्रमांक घातला आणि तांदूळ तोलायला घेतला. परक्या देशात, नाव धड उच्चारता न येणाऱ्या माणसाला उधारी मिळाली ती तिच्या शब्दावर. ती बाई जामीन राहिली होती.

गणपती जवळ आले तेव्हा माझा जीव घरी लागला होता. तांतीनने कुठून तरी माहिती काढली की दोन गल्ल्या सोडून एक मराठी कुटुंब राहते. ती स्वतः मला तिथे घेऊन गेली. रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडची माणसे एकोणिसाव्या शतकात करारावरचे मजूर म्हणून या बेटावर आली, त्यांचे हे वंशज. १८९६ पासून मॉरिशसमध्ये गणेशोत्सव साजरा होतो आणि गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. त्या घरात मखर होते, मोदक होते. रात्री ढोलकी आणि झांजेवर 'झाकरी' रंगली. आपल्या कोकणातल्या जाखडीचीच ही नात. गळ्यात क्रूस घातलेली तांतीन माझ्याशेजारी खुर्चीवर बसून टाळ्या देत होती. तिकडे दिवाळीची मिठाई ख्रिस्ती घरात जाते, ईदची बिर्याणी हिंदू घरात येते, नाताळचा केक सगळ्या गल्लीत फिरतो. त्या मराठी घराशी आमचा जो संबंध जुळला तो आजतागायत आहे आणि तो जुळवून दिला एका कॅथलिक बाईने.

जानेवारी २००२ मध्ये 'दिना' चक्रीवादळ आले. मॉरिशसमध्ये वादळाचे इशारे क्रमांकाने देतात. पहिल्या इशाऱ्याला मेणबत्त्या, बिस्किटे, डबाबंद मासळी घरात येते. दुसऱ्याला हंडे-पातेली पाण्याने भरली जातात. तिसरा लागला की बस बंद, दुकाने बंद, माणसाने घराबाहेर पडायचे नाही. यजमान गिरणीत बॉयलर आणि रंगाच्या टाक्या बंद करून घेण्यासाठी मागे थांबले होते आणि तिसरा इशारा लागला. ते तिथेच अडकले. आमच्या भाड्याच्या घराच्या मागच्या भागावर पत्रा होता. तांतीनने तो पत्रा दोनदा निरखून पाहिला आणि काही न बोलता लेकीला कडेवर घेतले. मी कागदपत्रे, औषधे आणि दुधाची पावडर पिशवीत घालून तिच्या मागे निघाले.

तिचे घर लहान, पण सिमेंटचे, सपाट स्लॅबचे. १९६० च्या जानेवारी-फेब्रुवारीत अॅलिक्स आणि कॅरोल या दोन वादळांनी बेटावरची लाकडी आणि गवती घरे भुईसपाट केली, तेव्हापासून लोक सिमेंटकडे वळले. कॅरोलच्या वेळी तांतीन कोवळ्या वयाची होती. त्या रात्री बॅटरीवरचा रेडिओ पोटाशी धरून ती मला कॅरोलची हकीकत सांगत होती. वादळाचा डोळा बेटावर आला तेव्हा वारा थांबला, आकाश उघडले, शेजारी कौले-पत्रे गोळा करायला बाहेर पडले. मग वारा उलट दिशेने फिरला आणि तिच्या वडिलांनी सगळ्या भावंडांना टेबलाखाली घातले. सांगता सांगता तिचे हात चालू होते. जुन्या चादरी पिळून दाराच्या फटीत कोंबायच्या, भिजल्या की काढायच्या, बादलीत पिळायच्या, पुन्हा कोंबायच्या. पाऊस वरून पडत नव्हता, दाराच्या फटीतून आडवा आत येत होता. वारा अखंड घुमत होता आणि मधूनच कुणाच्या तरी छपराचा पत्रा भिंतीवर आदळे. लेक तिच्या गादीवर, तिच्या जपमाळेशी खेळत झोपली. त्या बाईने मात्र रात्रभर पाठ टेकली नाही.

सकाळी पाहिले तर आमच्या मागच्या खोलीवरचा पत्रा नव्हता. ती खोली लेकीची. याहून अधिक मला लिहवत नाही.

पुढचे काही दिवस वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते, फोन मुका होता. लिची आणि आंब्याची झाडे रस्त्यावर आडवी, ऊस जमिनीला लोळलेला. चिनी गृहस्थांनी शटर अर्धे वर करून नेहमीच्याच भावाने मेणबत्त्या दिल्या आणि वहीत लिहिल्या. यजमान धडपडत घरी पोचले तेव्हा आम्ही दोघी तांतीनच्या ओट्यावर भात शिजवत होतो.

यातली खरी गोष्ट मला नंतर समजली. त्या काळात गिरण्यांतल्या स्थानिक बायकांच्या नोकऱ्या डळमळू लागल्या होत्या. युरोप-अमेरिकेच्या आयातीवर देशवार कोटे होते आणि त्यांच्या आधाराने मॉरिशसचा माल खपत होता. ते कोटे २००५ च्या आरंभी संपायचे होते. स्वस्त मजुरीच्या देशांशी टक्कर अवघड, म्हणून एकेक गिरणी कामगार कमी करत होती, काही बंद पडत होत्या. बाहेरून माणसे आणतात आणि आमच्या बायका घरी बसवतात, असा राग लोकांत होता. त्याला कारणही होते. तांतीनची गिरणीही बंद झाली. ज्या धंद्याने तिची रोजी घेतली त्याच धंद्यात माझ्या नवऱ्याला पगार मिळत होता. आम्हाला परके मानायला तिच्याइतके सबळ कारण दुसऱ्या कुणाकडे नव्हते. तरी तिच्या तोंडून मी कडवट शब्द ऐकला नाही. एकदा मीच विषय काढला तेव्हा ती एवढेच म्हणाली की गिरणीचा मालक वेगळा आणि कुंपणापलीकडची लेकुरवाळी वेगळी.

मॉरिशसचा निरोप घेताना मी तिला इरकल साडी आणि सोन्याची बारीक कुडी देऊ केली. साडी तिने पडद्यासाठी म्हणून हसत ठेवून घेतली, कुडी परत माझ्या हातात ठेवली आणि लेकीच्या लग्नात घालायला सांगितले. चिनी गृहस्थांची वही मी शेवटच्या पैशापर्यंत फेडली. त्यांनी पानावर आडवी रेघ मारली. तांतीनच्या वहीला पानच नव्हते, रेघ कुठे मारणार?

आपल्याकडे ऋणानुबंध म्हणताना आपण गेल्या जन्माकडे बोट दाखवतो. मला वाटते, तेवढ्यावर थांबणे सोयीचे असते. देणे मागच्या जन्माचे म्हटले की या जन्मात फेडायचे काही उरत नाही. तांतीनला मी काही परत देऊ शकत नाही, पण तिने जे केले ते करण्याची जागा माझ्या दारात आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसे राबतात. पत्र्याच्या खोल्यांत त्यांच्या बायका लहान मुले घेऊन दिवस काढतात. दुकानदार त्यांना उधार देताना बिचकतो, दवाखान्यात त्यांचे बोलणे कुणाला कळत नाही. माझ्या गल्लीतल्या दोन कुटुंबांसाठी मी दुकानात शब्द टाकला आहे आणि त्यांच्या मुलांना शाळेत घालताना बरोबर गेले आहे. यात काही मोठे नाही, तांतीनच्या मानाने तर काहीच नाही.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत असे एखादे बिऱ्हाड असेल. आधी त्या बाईला बाजार दाखवा. जामीन राहायची वेळ आली तर राहा. पावसाळ्यापूर्वी तिच्या छपरावरचा पत्रा एकदा नीट निरखून पाहा.