निमोची हद्द

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि शाळेच्या पुस्तकपेटीतून तो आमच्या धावडा गावापर्यंत पोचला. समुद्र मी पाहिलेला नव्हता. नॉटिलस पाणबुडी, तिच्यातली वीज, काचेपलीकडचे मासे, एवढ्यातच ते वय सरलं.

नॉटिलसचा कॅप्टन निमो कळला तो आजीमुळं. तिच्या बोलण्यात रझाकारांचा काळ सारखा यायचा. आपला मुलूख निजामाचा, पण बुलढाण्याची हद्द जवळ. जिवावर बेतलं की माणसं पोरंबाळं घेऊन रातोरात पलीकडं जायची. हद्द ओलांडली की निजामाचा हुकूम संपला. निमोही हेच सांगतो: पाण्याखाली ३० फुटांवर जुलमी सत्ता संपते. मग त्या कादंबरीतला समुद्र माझ्यासाठी नुसतं पाणी राहिला नाही. सिंहलजवळ गरीब पाणबुड्याला निमो शार्कच्या तावडीतून सोडवतो, त्याला मोत्यांची थैली देतो, आणि आपणही असल्याच दडपलेल्या देशाचे आहोत म्हणतो.

कोणत्या देशाचा? १८७० च्या त्या कादंबरीत उत्तर नाही. व्हर्नच्या मनातला निमो रशियानं चिरडलेल्या पोलंडचा होता. रशियातले वाचक दुखावतील म्हणून प्रकाशक एत्झेलनं ते होऊ दिलं नाही. १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघतो, सत्तावनच्या उठावात लढलेला.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली. पलीकडं गेलेली माणसं परतली, रब्बीच्या पेरणीला लागली. निमोला परतायला घरच उरलं नव्हतं. तो शत्रूची युद्धनौका बुडवतो आणि मग एक बाई आणि दोन लेकरांच्या चित्रापुढं गुडघे टेकून हुंदके देतो. मी स्वतः बाप झाल्यावर हे पान वाचलं, तेव्हा पुढं वाचवेना. ज्या पोलादानं त्याला साऱ्या राजांपासून वाचवलं, त्यानंच त्याला माणसांपासूनही तोडलं. एकट्यानं जगता येईल असं मानलं, त्यापायी मरतोय, हे शेवटी तोच कबूल करतो, आणि नॉटिलसच त्याची कबर होते.

हस्तलिखितात मरताना त्याच्या तोंडी ‘स्वातंत्र्य’ होतं. एत्झेलच्या सांगण्यावरून छापताना ‘देव आणि देश’ आलं. मुलांना गोष्ट सांगताना मी हस्तलिखितातलंच सांगतो.