काळी, पांढरी आणि घराचा पाया

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज म्हणत. आता बहुतेकांवर ‘घर पाहावे घेऊन’ असे म्हणण्याची वेळ आली आहे. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांच्या कडेला शेते मोडून प्लॉट पडले आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी खेडे सोडलेली कुटुंबे, निवृत्त शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका अशी आमची माणसे तेथे घर घेतात आणि आशीर्वादासाठी आम्हांला बोलावतात. घर घेण्यापूर्वी विचारावयास येणारे मात्र फार थोडे. त्यांच्याशी जे बोलावे असे वाटते, ते येथे लिहीत आहोत.

आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग असत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्वारी, तूर, कापूस यांची ती माय. भिंतींची मात्र वैरीण. म्हणून पूर्वजांनी पोटासाठी काळी राखली आणि निवाऱ्यासाठी पांढरी निवडली. आज शहर काळीत शिरले आहे. तेथे घर उभे करावयाचे तर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावे लागते. या खणण्याला पैसा लागतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. घेणारा फरशी पाहतो, रंग पाहतो, गॅलरी पाहतो; पाया किती खोल गेला हे विचारीत नाही.

प्रभू येशूने सांगितलेला दोन घरांचा दृष्टान्त मत्तय आणि लूक या दोघांनीही नोंदविला आहे. त्यात लूक एक तपशील अधिक देतो : शहाण्या माणसाने खोल खणले आणि मग खडकावर पाया घातला. सेमिनरीत हा फरक आम्ही भाष्यग्रंथांतून शिकलो. त्याचा अर्थ मात्र लातूरच्या गवंड्यांनी समजावून दिला.

घराविषयी या भागाने जे भोगले ते विसरण्यासारखे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवद, अशी ती घरे होती. माळवद गळू नये म्हणून त्यावर मातीचे थर चढत गेले होते. जी माती उन्हापासून राखीत होती, तीच निजलेल्यांच्या अंगावर आली.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. ती भूकंपाला टिकतील अशी बांधलेली होती आणि ते काम मोलाचेच होते. परंतु आखीव, रुंद रस्त्यांच्या त्या गावांत जुनी आळी राहिली नाही. भावकी पांगली, ज्या ओसरीवर रोज संध्याकाळी बसावयाचे ती ओसरी दूर गेली. घर मिळाले, पण वस्ती जमावयाला वर्षे लागली. ज्याला आपण घर म्हणतो त्यात शेजारही येतो, हे तेव्हा कळून आले.

शेजाराबरोबर पाणीही येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा चार खोल्यांचा मालक आणि एका खोलीचा भाडेकरू घागर घेऊन एकाच रांगेत उभे होते. नांदेडची तऱ्हा उलटी. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी फुगली की नदीकाठच्या सखल वस्त्यांतील माणसांना सामान उचलून निघावे लागते. म्हणून घर एकदा वैशाखात पाहावे आणि एकदा भाद्रपदात.

मग कागद. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी इंग्लंडात परिचारिका आहे. समुद्रकाठच्या एका लहान उपनगरात तिने घर घेतले. तेथे आधी तज्ज्ञाकडून घराची तपासणी करवून घेतात. वकील मालकीबरोबरच सांडपाणी आणि पुराचा धोका यांचीही चौकशी करतो. नॉरफोकच्या किनाऱ्यावर समुद्राने घरे गिळलेली आहेत, तेव्हा ही सावधगिरी उगाच नव्हे. तिचे आईवडील इकडे प्लॉट घेत होते. त्यांनी पाहिला तो फक्त भाव. आपल्याकडे गुंठेवारीचे प्लॉट नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना लागू झाली. ही सवलत सरसकट सर्वांना मिळते असे समजू नये. सातबारा, अकृषिक परवानगी आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

आमच्या परिचयाच्या एका विधवा बाईंनी प्रॉव्हिडंट फंडाची सारी रक्कम घालून शहराबाहेर दोन खोल्यांचे घर घेतले. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत तिरकी फाटली. दुरुस्तीसाठी कर्ज मागावे तर कागद अपुरे. विकणारा दारात उभे करीना. शेजारी एक मुसलमान गवंडी राहत होता. त्याने आपल्या दोन मुलांसह भिंतीलगतची काळी माती उपसली, मुरूम भरला, सांडपाणी घरापासून दूर काढून दिले. मजुरी त्याने घेतली, पण ती तीन हप्त्यांत आणि बाईंच्या सवडीने. पुण्याचा मुलगा म्हणाला, “आई, येईल त्या भावाला विकून टाक आणि इकडे ये.” बाई म्हणाल्या, “भिंत फाटली तेव्हा हाकेला कोण आले, ते मी पाहिले आहे. मी इथेच राहते.” त्या आजही तेथेच आहेत. दर रविवारी दोन रिक्षा बदलून मिस्साला येतात.

मराठवाड्यात आपण संख्येने थोडे. मंदिराजवळ आणि आपल्याच माणसांत घर मिळावे ही इच्छा स्वाभाविक आहे. मुले धर्मशिक्षणाला येतील इतक्या अंतरावर घर असावे असे आम्हीही सांगतो. परंतु शेजारी निवडताना केवळ आपला-परका एवढेच पाहू नये. ख्रिस्तसभेचा गृहाशीर्वाद विटांसाठी नसतो, तेथे राहणाऱ्यांसाठी असतो. आणि राहणारा माणूस एकटा कधीच राहत नाही.

तेव्हा ज्यांना घर घ्यावयाचे आहे त्यांनी आम्हांला एक खेप आधी बोलवावे. पवित्र जल घेऊन आम्ही मागाहून येऊच. पहिल्या खेपेला बरोबर एक जाणता गवंडी आणि एक वकील असावा, आणि निघण्यापूर्वी शेजारच्या दोन घरांत बसून चहा घ्यावा.