घड्याळांच्या गावी

न्यूशातेलहून ला शो-द-फाँला निघालेली आगगाडी शांब्रेलिएँ नावाच्या स्थानकावर थांबते आणि एकदम उलटी चालू लागते. नवख्या प्रवाशाला वाटते, झाले, गाडी परत निघाली! पण डोंगर चढता यावा म्हणून लोहमार्गच तसा टाकला आहे. इथे गाडी तोंड फिरवते आणि ज्यूरा पर्वतात सुमारे एक हजार मीटर उंचीवर आपल्याला नेऊन सोडते.

स्वित्झर्लंड म्हटले की जी शिखरे डोळ्यांपुढे येतात ती इथे नाहीत. इथे आहेत ते पाटीवर रेघा आखाव्यात तसे सरळ रस्ते आणि त्यांच्या कडेने शिस्तीत उभी असलेली घरे. १७९४ साली मोठी आग लागून हे गाव बेचिराख झाले. पुढे ते नव्याने आखताना घराघरात उजेड यावा याची काळजी घेतली गेली, कारण इथला उद्योगच उजेडाचा! खिडकीशी बसून कोणी चाके घासायचा, कोणी काटे घडवायचा, कोणी तबकडी रंगवायचा. एका घड्याळाला अनेक घरांचे हात लागत. कार्ल मार्क्सने १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये श्रमविभागणी समजावताना घड्याळाचेच उदाहरण घेतले आणि हे सारे गाव म्हणजे एक प्रचंड कारखानाच मानावा, असे लिहून ठेवले. आपल्या चंदीगडची आखणी करणारा ल कॉर्ब्युझिए १८८७ मध्ये इथेच जन्मला. त्याचे वडील तबकड्यांवर मिन्याचे काम करीत. २००९ साली युनेस्कोने या गावाला आणि शेजारच्या ल लोक्लला जागतिक वारशात स्थान दिले.

आम्ही मात्र वारसा पाहायला आलो होतो तो निराळा. माझ्या थोरल्या बंधूंनी उभ्या आयुष्यात एकच किमती वस्तू घेतली, ती म्हणजे पोलादी पट्ट्याचे एक स्विस घड्याळ. ते गेल्यावर दोन वर्षे ते कपाटात होते. एक दिवस वहिनींनी ते हातात घातले, तर थेट कोपरापर्यंत घसरले! बंधूंचे मनगट पैलवानी आणि वहिनींचे जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर. आपल्याकडच्या एका दुकानदाराने सल्ला दिला, “हा पट्टा काढा, नाजूक कातडी पट्टा घाला.” वहिनींनी घड्याळ उचलले आणि त्या दुकानाची पायरी उतरल्या. पुतण्या जिनिव्हाला नोकरीला असतो. यंदा त्याने आम्हांला बोलावले, तेव्हा ते घड्याळ वहिनींच्या पर्समध्ये होते.

गल्लीतले दुकान लहानसे होते. कारागीर म्हातारा, डोळ्याला भिंग लावलेला. वहिनी मला हळूच म्हणाल्या, “भावोजी, त्यांना सांगा, कापायचे नाही हं काही.”

पुतण्याने फ्रेंचमध्ये सांगितले. म्हातारा हसला. त्याने पट्टा उलटा करून दाखवला. मधल्या कड्या एकसंध होत्या, पण बक्कलाजवळच्या काही कड्यांच्या कडेला बारीक मळसूत्रे होती. तेवढ्याच कड्या सुटतात. मळसूत्र ढिले पडू नये म्हणून त्याला चिकट द्रव्य लावलेले असते. ते सैल होण्यापुरती ऊब देऊन त्याने एकेक मळसूत्र फिरवले. चारही कड्या एकाच बाजूच्या काढल्या असत्या तर बक्कल मनगटाच्या कडेला सरकले असते. म्हणून त्याने दोन वरच्या बाजूच्या काढल्या, दोन खालच्या. उरलेला एवढासा फरक बक्कलातल्या भोकांवर भागला. आतली बारीक दांडी एक घर पुढे सरकवली की पट्टा दोनचार मिलिमीटरने आवळतो. मग त्याने पट्ट्याखाली आपली करंगळी घालून पाहिली. तेवढी जागा हवीच. उन्हाळ्यात आणि संध्याकाळी हात थोडा फुगतो.

मला आपला कासार आठवला. बांगडी लहान होत नाही, म्हणून कासार हात दाबतो, अंगठा मुडपतो आणि डोळ्यांत पाणी आणून बांगडी भरतो. इथे हाताला कोणी काही म्हटले नाही. पोलादच समजुतीने वागले.

काढलेल्या चार कड्या म्हाताऱ्याने कागदाच्या पुडीत बांधल्या आणि त्या वहिनींच्या नव्हे, पुतण्याच्या हातात ठेवल्या. त्याच्या रुंद मनगटाकडे पाहून तो दोनचार शब्द बोलला. पुतण्या गप्प. वहिनींनी विचारले, “काय म्हणाले रे?”

“म्हणाले, या जपून ठेव. पुढे तुला लागतील.”

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, पण त्या हसत होत्या. बंधूंच्या घड्याळातले काही उणे होईल, हीच त्यांची धास्ती होती. उणे काहीच झाले नव्हते.

दुपारी घड्याळांचे संग्रहालय पाहिले. १९७४ पासून ते जमिनीखाली बांधलेल्या इमारतीत आहे. मनोऱ्यावरच्या अजस्र यंत्रांपासून खिशातल्या नाजूक घड्याळांपर्यंत सारी परंपरा तिथे मांडली आहे. मनगटी घड्याळ हा एके काळी बायकांचा दागिना समजला जाई. पुरुष ते खिशातच बाळगीत. पहिल्या महायुद्धात सैनिकांना खिशात हात घालायला सवड राहिली नाही, तेव्हा कुठे पुरुषांनी ते मनगटावर चढवले. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मूळचे आमचेच की!”

वाचकहो, आपल्याही घरी एखादे वडीलधाऱ्यांचे घड्याळ ‘मोठे होते’ म्हणून कपाटात पडले असेल. ते बाहेर काढा. पट्ट्याच्या कड्यांच्या कडेला मळसूत्रे दिसतात का पाहा. काही पट्ट्यांत त्याऐवजी नुसत्या दांड्या असतात आणि त्या कोणत्या दिशेने काढायच्या ते सांगणारे बाण कोरलेले असतात. जाणत्या कारागिराकडून ते मापाचे करून घ्या आणि खुशाल वापरा. फक्त निघालेल्या कड्या तेवढ्या टाकू नका. घरातले पुढचे मनगट केवढे निघेल, कोणी सांगावे?